थंडी आणि ढगांची चुकामूक : दिल्लीत बर्फ का पडत नाही

दिल्लीच्या नोंदवलेल्या हवामान-इतिहासात हिमवर्षाव नाही. तरीही दिल्लीत बर्फ पडल्याच्या आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या खोट्या नाहीत. दक्षिण दिल्लीतल्या सरोजिनी नगरसारख्या वस्तीत पिढी-दीड पिढी राहिलेल्या कुटुंबांना पांढरीशुभ्र झालेली गच्ची, गाड्यांच्या टपांवर साचलेला थर किंवा पहाटे गोठून कडक झालेले मैदानातले गवत आठवते. ते जे होते ते बर्फच होते, पण हिमवर्षाव नव्हता. शिमल्यात शास्त्रीय अर्थाने जे पडते ते दिल्लीत का पडत नाही आणि दिल्लीत जे पडते ते नेमके काय असते, याचे उत्तर हिमालय, भूमध्य समुद्राकडून येणारे वारे आणि हवेच्या वरच्या थरांतील तापमान या तीन गोष्टींत आहे.

हे उत्तर शोधायला सरोजिनी नगर सोयीचे ठिकाण आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरांची ही वसाहत पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाई. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही अशाच वसाहतींमधून दिल्लीच्या थंडीला सरावली. इथला बाजार स्वस्त कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास तिथल्या पाट्यांवर स्वेटर, जॅकेट आणि शालींचे ढीग लागले, की हिवाळा आला असे दिल्लीकर समजतात. वसाहतीच्या पूर्वेला, आयएनए वसाहत ओलांडली की सफदरजंग विमानतळाचे आवार लागते. दिल्लीचे तापमान म्हणून देशभरच्या वर्तमानपत्रांत जो आकडा छापून येतो, तो याच सफदरजंग वेधशाळेचा असतो. दिल्लीच्या थंडीचा अधिकृत दाखला आणि दिल्लीकरांची गरम कपड्यांची बाजारपेठ असे एकमेकांच्या शेजारी आहेत.

पांढऱ्या पदार्थाचे प्रकार

आकाशातून किंवा हवेतून येणारे बर्फ निरनिराळ्या रीतींनी तयार होते. हिम म्हणजे ढगात वाफेपासून थेट वाढलेले स्फटिक. हवा शून्याखाली असताना पाण्याची वाफ द्रवरूप न होता बर्फाच्या कणावर बसत जाते आणि सहा बाजूंचे स्फटिक तयार होतात. उणे पंधरा अंशांच्या आसपास त्यांना फांद्या फुटतात. जपानमधील होक्काइदो येथे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक बनवला. तापमान आणि बाष्प यांच्या प्रमाणानुसार स्फटिकाचा आकार ठरतो, हे त्यांच्याच कामातून स्पष्ट झाले.

गार वेगळी. ती गडगडाटी ढगात तयार होते. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या गाभ्यावर आदळून चिकटतात आणि थरावर थर चढत जातात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या कठीण गोळ्याला गार म्हणतात. हिमस्फटिकावर असेच थेंब गोठून साबुदाण्यासारखे अपारदर्शक, बोटांत चुरडणारे दाणे बनतात, त्यांना ग्रॉपेल म्हणतात. अनेक शहरांत हिम पडल्याच्या बातम्यांमागे हे दाणे असतात.

गोठलेले दव आकाशातून पडतच नाही. निरभ्र रात्री जमीन आणि गवत उष्णता गमावतात, पृष्ठभाग शून्याखाली जातो आणि जवळच्या हवेतली वाफ तिथेच बर्फ होऊन बसते. म्हणजे हिमाला थंड ढग लागतो, गारेला उंच वाढलेला वादळी ढग लागतो आणि गोठलेल्या दवाला मुळात ढगच नको असतो. दिल्लीत शेवटच्या दोन्ही गोष्टी घडतात, पहिली घडत नाही.

भूमध्य समुद्राकडून येणारा पाऊस

उत्तर भारतातला हिवाळी पाऊस मान्सूनचा नसतो. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात जन्मलेल्या किंवा बळावलेल्या वातावरणीय लाटा उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात दर महिन्याला अशा चार-सहा लाटा येतात, पण सगळ्याच जोरदार नसतात. त्यांना अरबी समुद्रावरचे, कधी बंगालच्या उपसागरावरचे बाष्प मिळाले की पहाडात हिम आणि मैदानात पाऊस पडतो.

भारतीय हवामानशास्त्रात या विषयाची पायाभूत मांडणी पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ मध्ये केली. पिशारोटी पुढे पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पुणे आणि हिमालय यांचे हवामानशास्त्रीय नाते त्याहून जुने आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय आधी कलकत्त्यात होते, १९०५ मध्ये ते शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तिथून पुण्याला आले. शिवाजीनगरातल्या वेधशाळेच्या इमारतीला आणि तिच्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते यामुळेच. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले. आज ते लोधी रोडवरील मौसम भवनात, म्हणजे सफदरजंग विमानतळाच्या जवळच आहे.

पश्चिमी विक्षोभाच्या येण्याजाण्यात दिल्लीच्या हिवाळ्याचा सगळा लपंडाव आहे. विक्षोभ जवळ येऊ लागला की त्याच्या पुढच्या बाजूने दक्षिणेकडून तुलनेने उबदार, दमट वारे येतात. आकाश झाकले जाते. ढगांमुळे जमिनीची उष्णता निसटत नाही आणि रात्रीचे तापमान चढते. पाऊस पडतो तो या टप्प्यात. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की वारे वायव्येचे होतात, हिम पडलेल्या पहाडांवरून कोरडी थंड हवा मैदानात उतरते, आकाश निवळते आणि पारा घसरतो. ढग असतात तेव्हा थंडी पुरेशी नसते आणि थंडी पोहोचते तोवर ढग निघून गेलेले असतात. दिल्लीत हिम न पडण्याचे मुख्य कारण ही चुकामूक आहे.

तेरा अंशांची दरी

या चुकामुकीत उंचीची भर पडते. सफदरजंग वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे २१६ मीटरवर आहे, शिमला सुमारे २,२०० मीटरवर. वर जाताना दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. दोन किलोमीटरच्या फरकाने सुमारे तेरा अंशांची दरी पडते. शिमल्यात शून्याला हिम पडत असते, तेव्हा त्याच हवेत दिल्लीत बारा-तेरा अंशांचा गारठा आणि पाऊस असतो. दिल्लीत हिम पडायचे, तर जमिनीपासून सव्वा किलोमीटरवरची हवा उणे सहा-सात अंशांपर्यंत उतरायला हवी, आणि तीही पाऊस देणाऱ्या ढगांसकट.

ढगातून निघालेले हिम दिल्लीवर येतच नाही असे मात्र नाही. हिवाळ्यातल्या बहुतेक पावसाची सुरुवात उंचावर हिमस्फटिक म्हणूनच होते. हे स्फटिक गोठणपातळीच्या, म्हणजे हवा शून्य अंशांवर असते त्या उंचीच्या, खाली आले की काहीशे मीटरांतच वितळतात. हिवाळ्यात दिल्लीवर गोठणपातळी साधारणपणे जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर वर असते. त्यामुळे शिमला, मसुरी, नैनिताल यांच्या उंचीवर हिम टिकते आणि खाली त्याचेच पाणी होते.

जानेवारी २०२२ या दृष्टीने बोलका महिना होता. सफदरजंगला त्या महिन्यात ८८.२ मिलिमीटर पाऊस पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत जानेवारीत इतका पाऊस कधीच झाला नव्हता. ७ आणि ८ जानेवारीला आलेल्या जोरदार विक्षोभाने दिल्ली भिजवली आणि त्याच प्रणालीने पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी प्रचंड हिम टाकले. तिथे गाड्यांमध्ये अडकून वीसहून अधिक पर्यटक मृत्युमुखी पडले. दोन हजार मीटरच्या वर प्राणघातक हिमवादळ आणि दोनशे मीटरवर रस्त्यात तुंबलेले पाणी ही एकाच घटनेची दोन रूपे होती. २८ डिसेंबर २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांतही सफदरजंगला ४१.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. डिसेंबरमध्ये एका दिवसात इतका पाऊस १९२३ नंतर प्रथमच झाला होता. बाष्प भरपूर होते, हिम नव्हते.

कोरड्या थंडीचे विक्रम

याउलट, दिल्लीचा पारा शून्याच्या आसपास गेल्याची उदाहरणे आहेत. सफदरजंगचा सार्वकालिक नीचांक १६ जानेवारी १९३५ चा, उणे ०.६ अंश. दिल्लीतल्याच पालम वेधशाळेत ११ जानेवारी १९६७ रोजी उणे २.२ अंश नोंदले गेले. ८ जानेवारी २००६ रोजी सफदरजंगला ०.२ अंश होते आणि शहरात गोठलेले दव दिसले. १ जानेवारी २०२१ चा आकडा १.१ अंशाचा होता. हे आकडे रात्र सरताना, पहाटेच्या सुमाराचे असतात. पारा इतका घसरायला निरभ्र आकाश, शांत वारा आणि कोरडी हवा लागते. नेमक्या याच स्थितीत हिम पडू शकत नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताच्या पात्याचे तापमान त्याहून कित्येक अंशांनी कमी असते. म्हणून पेटीत दोन-तीन अंश असतानाही मैदानावर पांढरा थर दिसू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा परिसरात पहाटे वाहनांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेले दव दिसते, ते याच कारणाने. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या रात्री शेतकरी शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, तेही जमिनीलगतची हवा गोठणबिंदूखाली जाऊ नये म्हणून.

हे ज्ञान उत्तर भारतात विज्ञानाच्या पुस्तकांआधीपासून वापरात होते. अठराव्या शतकात अलाहाबादला हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत पेंढा अंथरून त्यावर मातीची पसरट भांडी ठेवत आणि त्यांत उकळून गार केलेले पाणी भरत. हवा शून्याच्या वर असली तरी स्वच्छ, निवांत रात्री पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. पहाटे तो गोळा करून बर्फखान्यात दाबून साठवत. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री बर्फ धरत नाही, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. आज याला प्रारणाने होणारे शीतन म्हणतात.

दिल्लीची सर्वांत बोचरी थंडी मात्र रात्रीची नसते, धुक्याच्या दिवसांची असते. जमिनीलगत थंड हवा आणि वर तुलनेने उबदार हवा असा उलटा थर बसला, की त्याखाली धुके आणि धूर अडकतात. सूर्य दिसत नाही आणि दुपारचे तापमान चढत नाही. २ जानेवारी २०१३ रोजी सफदरजंगचे कमाल तापमान ९.८ अंशांवर अडले. ३० डिसेंबर २०१९ रोजी ते ९.४ अंश होते, डिसेंबरमधला १९०१ पासूनचा सर्वांत थंड दिवस. अशा दिवशी रस्त्यावर माल मांडणारा विक्रेता, बांधकामावरचा मजूर आणि रैनबसेऱ्यात रात्र काढणारा माणूस यांची खरी परीक्षा होते. हिमवर्षावाची छायाचित्रे निघतात, पण दिल्लीत माणसे मारणारी थंडी ही न दिसणारी, राखाडी थंडी असते. हिवाळ्याच्या बातमीत तिला पहिले स्थान मिळायला हवे.

७ फेब्रुवारी २०१९

दिल्ली परिसराच्या अलीकडच्या आठवणीतला बर्फ म्हणजे ७ फेब्रुवारी २०१९ ची संध्याकाळ. गुरुवार होता. कार्यालये सुटण्याच्या वेळी गडगडाट सुरू झाला आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद भागात गारा कोसळल्या. नोएडात रस्ते, लॉन आणि गाड्या पांढऱ्या झाल्या. लोक बाहेर येऊन मुठीत बर्फ घेऊन छायाचित्रे काढू लागले आणि काही मिनिटांत शहराची तुलना शिमल्याशी होऊ लागली. इंदिरा गांधी विमानतळावर उतरणारी अनेक विमाने दुसरीकडे वळवावी लागली. हे हिम नसून गारा आहेत, असे हवामान विभागाने स्पष्ट केले.

जमीन इतकी पांढरी होण्यामागे दोन कारणे होती. त्या दिवशी जोरदार विक्षोभ उत्तर भारतावर होता, त्यामुळे वरची हवा थंड होती आणि खाली दमट हवा होती. या दोन थरांतील फरकामुळे हवा वेगाने वर चढली आणि उंच ढग तयार झाले. शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोठणपातळी खाली असते. मे-जूनमध्ये लहान गार चार-साडेचार किलोमीटर उबदार हवेतून येताना वाटेतच विरघळते. फेब्रुवारीत तिला त्याच्या जवळपास निम्मेच अंतर कापावे लागते, म्हणून ती शाबूत पोहोचते. लहान गारा मोठ्या संख्येने पडल्या की थर साचतो आणि त्याच्या थंडाव्याने लगतच्या दमट हवेत धुकेही धरते. दृश्य हुबेहूब हिमाच्छादित गावाचे होते, पण तासा-दोन तासांत त्याचे पाणी होऊन जाते.

गारांना निरुपद्रवी मौज समजणे मात्र चुकीचे आहे. दिल्लीपासून फार दूर नसलेल्या मुरादाबाद परिसरात ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेने ही गारपिटीतील सर्वाधिक मनुष्यहानी मानली आहे. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले एक प्रवासी विमान गारांच्या ढगात सापडले. त्याच्या नाकाचा भाग फुटला, तरी ते सुखरूप उतरले. त्याच संध्याकाळी दिल्लीतही वादळ आणि गारा झाल्या. महाराष्ट्राला फेब्रुवारी-मार्च २०१४ विसरता येणार नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रात दोन-तीन आठवडे गारपिटीचे सत्र चालले. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे, संत्री, डाळिंबे झोडपली गेली. गावोगावच्या शिवारांत पांढरे थर साचले होते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत वर्षाची कमाई त्याखाली गाडली गेली.

जिथे हिम पोहोचले

दिल्लीच्या आसपासच्या अक्षांशांवर हिम अशक्य नसते, हे जगातल्या काही घटनांनी दाखवले आहे. १९ जानेवारी १९७७ रोजी अमेरिकेतील मायामीत हिमाचे भुरभुरते कण दिसले. मायामी दिल्लीच्याही दक्षिणेला, समुद्रकाठी आहे. २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे वीस सेंटिमीटर हिम साचले. बगदादमध्ये ११ जानेवारी २००८ रोजी हिम पडले आणि २०२० च्या फेब्रुवारीत पुन्हा पडले. १३ डिसेंबर २०१३ रोजी कैरोच्या उपनगरांत पांढरा थर दिसला. दिल्लीपेक्षा दक्षिणेला असलेल्या काठमांडूत १४ फेब्रुवारी २००७ रोजी त्रेसष्ट वर्षांनी हिम पडले, अर्थात ते शहर सुमारे चौदाशे मीटर उंचीवर आहे.

अमेरिकेतील उदाहरणे सर्वांत शिकवणारी आहेत. उत्तर अमेरिकेत आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेला पर्वत नाही. ध्रुवीय हवेचा लोंढा सपाटीवरून थेट दक्षिणेला घरंगळतो आणि आखाताचे बाष्प त्याच्यावर चढते. थंडी आणि ढग यांची तिथे भेट होते. भारताच्या उत्तरेला हिमालय आणि त्यामागे तिबेटचे पठार आहे. सायबेरियातली जमिनीलगतची जड, अतिशीत हवा ही भिंत ओलांडू शकत नाही. दिल्लीपर्यंत येणारी थंड हवा वायव्येकडच्या वाटेने येते, आणि डोंगरांवरून उतरताना दाबली जाऊन काही अंशांनी तापते. पहाडांना हिम देणारा हिमालयच मैदानाला हिमापासून वाचवतो.

नोंद कशासाठी

पांढरी झालेली गच्ची पाहणारा माणूस त्याला बर्फ म्हणतो आणि अनुभव म्हणून ते बरोबर असते. पण पुढच्या पिढीला त्यातून हवामान समजायचे असेल, तर वेळ, कणांचा आकार, कडकपणा, गडगडाट होता की नाही, आकाश कसे होते, एवढ्या गोष्टी टिपलेल्या हव्यात. गडगडाट आणि कठीण गोळे असतील तर गार, निरभ्र पहाट असेल तर गोठलेले दव, हे त्यावरून सहज ओळखता येते. गारपीट काही किलोमीटरच्या पट्ट्यात होते. नोएडा पांढरे असताना सफदरजंगच्या मोजमापात तिचा मागमूसही नसू शकतो. म्हणून रडारच्या जोडीला जागोजागच्या माणसांची निरीक्षणे लागतात आणि कुटुंबातल्या आठवणींना शास्त्रीय मोल येते, ते तारीख आणि तपशील जोडलेले असतील तरच.

यापुढे दिल्लीत हिम पडण्याची शक्यता वाढण्याऐवजी घटत जाईल. सरासरी तापमान वाढते आहे आणि सिमेंट-डांबराने वेढलेले शहर रात्री उष्णता धरून ठेवते. त्यामुळेच उघड्यावरच्या आयानगर हवामान केंद्रातला पारा अनेकदा सफदरजंगपेक्षा खाली असतो. सरोजिनी नगर आणि शेजारच्या वसाहतींच्या पुनर्विकासासाठी झाडे तोडण्याला २०१८ मध्ये दिल्लीकरांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, तेव्हा शहराच्या तापमानाचा प्रश्नही त्यात होता. पश्चिमी विक्षोभांचा काळही सरकताना दिसतो. ते उन्हाळ्यात आणि मान्सूनच्या तोंडावर पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागल्याचे अलीकडचे अभ्यास सांगतात. हिवाळ्यात पहाडांवर हिम कमी साचले आणि उन्हाळ्यात वादळे वाढली, तर दोन्हींचा फटका मैदानाला बसतो. पहाडांत साचलेले हिम वितळून यमुनेत येते, आणि त्या पाण्यावर दिल्लीची तहान काही अंशी भागते. हिमालयातील हिम आणि पुढच्या मान्सूनचा संबंध हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच मांडला होता. खुद्द दिल्लीवर हिम पडत नसले, तरी दोन हजार मीटरच्या वर ते किती पडते याची नोंद ठेवणे हा दिल्लीच्या पाण्याचा आणि उत्तर भारताच्या शेतीचा प्रश्न आहे.